वाटीत राहिलेला बुश

सुरुवातीलाच सांगतो, मला आता या गाड्यांचा कंटाळा आला आहे. लोकांना वाटतं, जुनी इंग्रजी गाडी, दोनच सीटा, डोक्यावर छत नाही, म्हणजे किती मजा. मजा वर बसणाऱ्याला असते. खाली झोपणाऱ्याला विचारा. जमिनीपासून वीतभर उंच गाडीखाली साठीनंतर शिरायचं म्हणजे आधी पाठीची परवानगी काढावी लागते, मग गुडघ्यांची, आणि दोघांनी दिली तरी बाहेर यायला कोणीतरी पाय ओढणारा लागतो. माझे पाय चाळीस वर्षं दादाने ओढले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा. सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे आमचं एका शटरचं गॅरेज आहे. त्यात आम्ही दोघंच. नोकर कधी टिकला नाही, कारण दादाचा स्वभाव. मी टिकलो, कारण मला दुसरीकडे कोणी ठेवलं नसतं. पहिली काही वर्षं आम्ही फक्त अँबेसेडर करायचो. नागपुरात सरकारी ऑफिसं ढीगभर, त्यामुळे पांढऱ्या अँबेसेडरही ढीगभर. मग एकदा सिव्हिल लाइन्सच्या एका वकिलाने चार माणसं लावून एक छोटी इंग्रजी गाडी ढकलत आणली. तिचं इंजिन फुटलं होतं. दादाने बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "हे तर आपलंच आहे बे." खरंच होतं ते. अँबेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन आणि त्या गाडीचं इंजिन एका घरच्या बहिणी. एक विलायतेत राहिली, दुसरी इकडे सरकारी नोकरीला लागली, एवढाच फरक.

तेव्हापासून आसपास कोणाच्या अशा गाडीचं इंजिन कामातून गेलं की ती आमच्या दारात येते. आम्ही तिचं इंजिन-गिअरबॉक्स काढतो आणि भंगारात निघालेल्या अँबेसेडरचं घालतो. सांगायला एका वाक्यात झालं. करायला महिना जातो, कारण एकही भोक समोरासमोर येत नाही. त्यात या गाड्यांची एक खोड आहे. गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, चेसिसचा आडवा पट्टा मध्ये येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच एकमेकांना जोडायचे, ते सगळं लांबलचक धूड छताच्या गर्डरवरच्या चेन कुप्पीला, म्हणजे वजन उचलायच्या साखळीला, टांगायचं, आणि शेपूट खाली, नाक वर करून पुढून आत सोडायचं. मध्ये कुठे काही चुकलं की अख्खं धूड पुन्हा बाहेर.

दादाचा एक नियम होता. त्याच्या उस्तादाने त्याला दिलेला आणि त्याने माझ्या माथी मारलेला. जो खोलेल तोच बसवेल, आणि एकाने बसवलेल्यावर दुसऱ्याने हात फिरवायचा नाही. बसवलं का, असं विचारायचंसुद्धा नाही. विचारलं म्हणजे त्याला कामचोर म्हटल्यासारखं. मी बावीस वर्षांचा असताना त्याने आवळलेल्या एका नटवर मी सहज पाना लावून पाहिला. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवताना डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्यानंतर मी पुन्हा कधी त्याच्या कामाला हात लावला नाही.

आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. दादाचा हात म्हणजे हातच होता. क्लच प्लेट बरोबर मध्यावर आणायला सगळे मिस्त्री एक खोटा शाफ्ट घालून पाहतात. दादाला तो लागत नव्हता. तो आत बोट घालायचा, डोळे मिटायचा, प्लेट केसभर इकडे, केसभर तिकडे करायचा आणि म्हणायचा, "आली." आलेली असायची. मला ते कधीच जमलं नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, आजही वाटतो.

मग त्याला शुगर निघाली. आधी पायाची बोटं बधिर झाली, ते त्याने सांगितलं. मग हाताची झाली, ते सांगितलं नाही. मला दिसत होतं. एकदा तापलेल्या सायलेन्सरला त्याचं बोट टेकलं आणि तिथेच राहिलं. वास आला तेव्हा त्याने हात काढला. दुसऱ्या दिवशी फोड पाहून मी विचारलं तर म्हणाला, "भजे तळताना झालं." वहिनी गेल्यापासून तो आमच्याच घरी जेवतो. माझ्या बायकोने त्याला गॅसजवळ उभं राहिलेलंसुद्धा पाहिलेलं नाही.

त्याचा मुलगा पुण्याला असतो. चांगला आहे, सूनही चांगली आहे. बाबा, आता बस झालं, इकडे या, असं दर आठवड्याला फोनवर चालायचं. दादाने त्याला आणि मला एकाच दिवशी, एकाच आवाजात सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी माझा हात चुकंन, त्या दिवशी शटर मी सोता खाली घेईन अन् पुण्याले जाईन. तोवर कोणी मले सांगायचं नाही." पुण्यात त्याचं काय होणार हे मला माहीत होतं. अकराव्या मजल्यावरची खिडकी, खुर्ची, आणि संध्याकाळी खालच्या बागेत दोन फेऱ्या. ज्या माणसाला रविवारीसुद्धा घरी करमत नाही, तो तिथे किती दिवस काढणार? आणि त्याच्याशिवाय मी इथे काय करणार, हाही प्रश्न होताच. थोडक्यात, दादाची एक चूक झाली की आमचं दोघांचं संपलं.

त्या उन्हाळ्यात मॅडम आल्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या बाई, बोलायला खणखणीत. त्यांच्या वडिलांची तसलीच लाल गाडी बारा-पंधरा वर्षं धर्मपेठेतल्या घरी ताडपत्रीखाली उभी होती. इंजिनाच्या ब्लॉकला बोट जाईल एवढी चीर. त्यांची मोठी बहीण पारशिवनीला राहते. दोघी याच गाडीवर चालवायला शिकलेल्या. "मला प्रदर्शनात उभी करायची नाहीये," मॅडम म्हणाल्या, "मला ती स्वतः चालवत पारशिवनीला न्यायची आहे. ताईला बसवून गावातून एक चक्कर मारायची आहे. तिच्या आणि माझ्या अंगात ताकद आहे तोवर." दादाला असं गिऱ्हाईक आवडतं. तो म्हणाला, "मॅडम, चालवत जाल अन् चालवतच वापस याल."

आम्ही कुहीकडून एक अँबेसेडर भंगारात उचलली. इंजिन उत्तम, गिअरबॉक्स ठीक. इंजिनाच्या मागच्या टोकाला, क्रँकच्या म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या पोटात, अंगठ्याच्या पेराएवढी एक नळी ठोकलेली असते. तिला पायलट बुश म्हणतात. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्या बुशात बसतं आणि फिरतं. जुना बुश झिजला होता, तो दादाने काढला आणि लेथवाल्याकडून गनमेटलचा नवा करून आणला. असा बुश बसवण्याआधी निदान चार-पाच तास तेलात बुडवून ठेवायचा असतो. दादाने सकाळीच एका स्टीलच्या वाटीत इंजिनचं तेल घेतलं, बुश त्यात टाकला, धूळ पडू नये म्हणून वर फडकं टाकलं आणि वाटी फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उपाशीपोटी रक्त तपासायला द्यायला जायचं होतं. तो अकराला आला. तोवर मी फ्लायव्हीलची जड चकती घासून, क्रँकचं टोक बाहेरून पुसून ठेवलं होतं; आत पाहणं म्हणजे दादाचं काम तपासणं. मला वाटलं, बुश तो काल जाताना ठोकून गेला. त्याला वाटलं, आपल्याला उशीर झाला म्हणून नियम बाजूला ठेवून, पुसता पुसता यानेच ठोकला. कोणत्याही दुसऱ्या गॅरेजात एकाने दुसऱ्याला विचारलं असतं, काय रे, बुश टाकला ना? आमच्याकडे विचारायची सोय नव्हती. दादाने फ्लायव्हील बसवलं, क्लच प्लेट धरली, बोट आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "आली."

गिअरबॉक्स जोडताना शाफ्ट शेवटच्या इंचाला अडतो. मग मागचं टोक थोडं फिरवा, थोडं उचला, दोन शिव्या द्या, तेव्हा बसतो. त्या दिवशी तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. मला ते जाणवलं. आज मी हे लिहितो आहे तर खोटं कशाला लिहू, मला ते तेव्हाच जाणवलं. पण उन्हाने जीव चालला होता, कूलर नुसती गरम हवा फेकत होता, माझी पाठ सकाळपासून धरलेली होती, आणि एक गोष्ट सोपी झाली तर मी म्हटलं, होऊ दे. आम्ही नट आवळले, धूड टांगलं, आत सोडलं. त्यात दोन दिवस गेले. गाडी चालू केली तर आवाज असा गोड की समोरचा चहावाला उठून पाहायला आला. गल्लीत फिरवताना पहिला गिअर टाकला की किंचित करकरायचा. दादा म्हणाला, जुना गिअरबॉक्स आहे, घेईल जागा. त्याने मॅडमना फोन करून रविवारी यायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मी फळी आवरायला घेतली. फडकं उचललं तर खाली वाटी, वाटीत तेल, आणि तेलात तो बुश.

मी वाटी फळीवरून उतरवली. खाली स्टुलावर बसलो. बुशाशिवाय गाडी चालते, हेच तर वाईट. महिना चालेल, दोन महिने चालेल. शाफ्टचं नाक हवेत लटकत फिरत राहतं, गिअर करकरत राहतात, आणि मग एके दिवशी गिअरबॉक्स आतून खातो स्वतःला. तो दिवस कदाचित पारशिवनीच्या रस्त्यावर आला असता, ऐन दुपारी, आणि गाडीत साठी-सत्तरीच्या दोन बहिणी. न सांगून चालणार नव्हतं. आणि सांगितलं तर दादा पुण्याला. मी बुश पुसून खिशात टाकला आणि दिवसभर तसाच फिरलो. खिशात तो मला सारखा लागत होता. संध्याकाळी दादाने विचारलं, "काहून गा, तोंड पाडून काहून फिरून राहिला?" मी म्हटलं, उन्हानं.

शनिवारी सकाळी मी ठरवून टाकलं. तो आला, पाणी प्यायला, आणि मी बुश टेबलावर ठेवला.

"दादा, हा वाटीतच राहिला. तू रक्त द्याले गेला होता तवा मी फोनवर म्हणलो होतो, मी ठोकून ठेवतो म्हणून. तुले आठवत नसंन. ठोकलाच नाही मी."

असं मी काही म्हटलेलं नव्हतं. आणि माझ्या खोट्यात एक मोठी खोट होती, ती मला तेव्हाही दिसत होती. बुश मी विसरलो असं धरलं, तरी त्यानंतर क्लच प्लेट दादाने लावली होती. प्लेटच्या भोकातून आत, बुशाच्या जागी, बोट त्याने घातलं होतं. मी जे विसरलो ते त्याच्या बोटाला कळायला हवं होतं. दादाने बुश उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "लक्ष कुठं असते तुझं?"

आणि सुरू झाला. चाळीस वर्षांत बोलला नसेल एवढं तो पुढच्या तीन दिवसांत बोलला. मॅडमना फोनवर, "काय सांगू मॅडम, माझ्या भावाच्या हातून गडबड झाली, आठ दिवस लागतील." चहावाल्याला, "याले एक काम सांगतलं होतं, एक." बॅटरीवाला आला, त्यालाही ऐकवलं. मी चेन कुप्पी ओढत होतो, घाम डोळ्यांत जात होता, ते धूड इंच इंच वर येत होतं, आणि दादा बाजूला उभा राहून माझी लक्तरं काढत होता. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. म्हटलं, चला, वाचला. दुसऱ्या दिवशी डोकं फिरायला लागलं. मी तुझ्यासाठी शेण खाल्लं, तर निदान गप्प तरी बस. तिसऱ्या दिवशी मला त्याचा इतका राग आला की हातातला पाना मी भिंतीवर फेकला. तो म्हणाला, "पाना कायले फेकतं? चूक पान्याची आहे का?" मी बाहेर जाऊन उभा राहिलो. ठरवलं, आत जायचं आणि सगळं खरं सांगून टाकायचं, मग हा जाऊ दे पुण्याला नाही तर कुठेही.

आत गेलो तेव्हा दादा इंजिनासमोर पाटावर बसला होता. गिअरबॉक्स सुटा केलेला, क्लच काढलेला. त्याने नवा बुश क्रँकमध्ये ठोकला होता आणि त्याचं बोट आत होतं. डोळे मिटलेले. मी उभा राहिलो. त्याने बोट काढलं, पॅन्टला पुसलं, पुन्हा घातलं. मग दुसऱ्या हाताचं घातलं.

"इकडे ये," तो म्हणाला. "बोट घाल."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काहून?"

"मले लागत नाही."

मी त्याच्या शेजारी बसलो. गुडघ्यातून कळ गेली तरी बसलो. आत बोट घातलं. बुश होता, तेलकट, गार, कड एकदम साफ बसलेली.

"आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, दादा."

तो बोटांकडे पाहत राहिला. "त्या दिवशीबी लागत नव्हतं," तो म्हणाला. "मले वाटलं, असंन." त्याने बोटं मुठीत मिटली. "अन् तू मले काई म्हणला नव्हता सकाळी. माझी शुगर वाढली आहे, डोकं नाही गेलं." मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही, कोण होतं तिथे. त्याने ठोकायचा लाकडी दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "प्लेट आता तू लाव. खोटा शाफ्ट घालून लाव, तुले बोटानं जमत नाही." तेवढ्यातही टोमणा सोडला नाही. मी क्लच लावला. तो पाटावर बसून पाहत होता, एकदाही मध्ये बोलला नाही. शाफ्ट शेवटच्या इंचाला अडला, आम्ही दोघांनी शिव्या दिल्या, आणि बसला.

पुढच्या रविवारी मॅडम आल्या. आधी गल्लीत, मग रिंग रोडला जाऊन आल्या. पहिला गिअर आवाज न करता पडत होता. उतरल्या तेव्हा वाऱ्याने केस विस्कटले होते आणि त्या पंचवीस वर्षांच्या दिसत होत्या. चहावाला होता, बॅटरीवाला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या हाताला तोड नाही."

दादा म्हणाला, "हात याचा आहे मॅडम. चूक झालती ते माझी. यानं सोतावर घेतली अन् मी घेऊ देली."

 चहावाला ग्लास उचलून आत गेला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि गाडीची चावी उगाच पर्समध्ये टाकून पुन्हा बाहेर काढली. दुसऱ्या आठवड्यात त्या पारशिवनीला जाऊन आल्या. बहिणीसोबतचा फोटो पाठवला, दोघींच्या डोळ्यांवर काळे चष्मे.

त्या रविवारी संध्याकाळी शटर दादाने खाली घेतलं. एरवी ते माझं काम. त्याने आकडीची काठी अडकवली, ओढली, पण बोटांची पकड बसेना. मी दुसरीकडून धरलं. तो नको म्हणाला नाही. दोघांनी मिळून खाली आणलं, कुलूप मी घातलं. त्याने किल्ली मागितली नाही.

दिवाळीनंतर तो पुण्याला गेला. आता मी एकटाच असतो. काम कमी घेतो, तरी उरकत नाही. गाडीखालून बाहेर यायला रस्त्यावरून कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि लोक हसतात. रोज चारच्या सुमाराला पुण्याहून फोन येतो. ज्या माणसाने एका नटावरून आठ दिवस अबोला धरला, तो आता तब्येत विचारत नाही, जेवला का विचारत नाही. कोणतं इंजिन बांधून राहिला, एवढं ऐकून घेतो आणि विचारतो, "बोट घातलं होतं का?"

मी म्हणतो, घातलं होतं.

तो म्हणतो, "पुन्हा एकदा घाल. मी थांबतो." आणि मी फोन फळीवर ठेवून, गुडघे धरून, पुन्हा खाली बसतो.